कॉलेज सोडण्याचे कारण

सत्यवतीबाईंनी समोरची खुर्ची थोडी मागे सरकवली आणि फाइलमधून पुढचा कागद काढला. दिव्या महिपत शिगवण, दहावी ब, सहामाहीत ब्याऐंशी टक्के.

"बस."

दिव्या बसली नाही. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ती खुर्चीच्या मागे उभी राहिली.

"बाई, मला फक्त सही द्या. सही नसेल तर भूपेश सर वर्गात बसू देणार नाहीत."

शाळेच्या वाचनालयात तीन दिवस हेच चाललं होतं. दहावीचं एकेक मूल आत यायचं आणि पुढे काय करणार, कोणती शाखा घेणार, याबद्दल बाईंशी दहा मिनिटं बोलून जायचं. शाळा काशीमिऱ्याच्या नाक्यापासून फार लांब नव्हती. खिडकी उघडी ठेवली तर ट्रकांच्या हॉर्नमुळे काही ऐकू येत नसे आणि बंद केली तर जुन्या पुस्तकांचा वास कोंडायचा. बाईंनी ती अर्धी उघडी ठेवली होती. त्यांचा विषय विज्ञान. सहा वर्षांपूर्वी तीन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं आणि मार्गदर्शक शिक्षिकेचं काम त्यांच्याकडे आलं. दुसऱ्या कुणी पाट्या टाकल्या असत्या. बाई हे काम मनापासून करत आणि आपण ते चांगलं करतो अशी त्यांची खात्रीही होती.

"सही देते. आधी दोन शब्द तरी बोल. काय घेणार आहेस पुढे?"

"कॉमर्स."

"आवडतं?"

"घरी ठरलंय."

"घरचं कळलं. तुझं काय?"

दिव्याने मान वर केली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बाई, पप्पांनी सांगितलंय, बाईंना काही विचारायचं नाही. दादाला तुम्हीच सायन्स सांगितलं होतं."

"जितेशला? हो, सांगितलं होतं की. काय करतोय तो? बारावी झाली असेल ना?"

"अकरावीलाच नापास झाला, चार विषयांत. कॉलेज सोडून दीड वर्ष झालं. इथे नाक्यावरच्या गॅरेजमध्ये कामाला जातो."

बाईंच्या हातात पेन होतं. त्यांनी कागदावर सही केली, खाली तारीख घातली. 'शिक्षकांचे मत' या रकान्यापाशी पेन थांबलं आणि मग तसंच उचललं गेलं. दिव्याने कागद घेतला, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि ती निघून गेली.

तिच्यानंतर राज नावाचा मुलगा आला. त्याला पोलिसात जायचं होतं. बाईंनी त्याला उंची विचारली, धावण्याचा सराव विचारला, पण नाव मात्र दोनदा विचारावं लागलं.

जितेश त्यांना चांगला आठवत होता. बेचाळीस मुलांच्या वर्गात तो एकटा असा होता की त्याच्यामुळे तास लांबायचा. धडा संपला की त्याचा प्रश्न सुरू व्हायचा. दहावीला सत्त्याऐंशी टक्के पडले, विज्ञानात चौऱ्याण्णव. निकालाच्या दिवशी वडील महिपत गोदामातून कामाच्या कपड्यांतच आले होते, केसांवर पुठ्ठ्याची धूळ होती. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "याने सायन्स नाही घ्यायचं, तर घ्यायचं कोणी?" महिपतनी हात जोडले होते. सगळं मिळून चार मिनिटांत उरकलं होतं. पुढे शहरातल्या शिक्षकांच्या एका बैठकीत बाईंनी ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा पोरगा कॉलेजात नापास होत होता. हा हिशेब बाईंनी तारोडीला घरी जाताना बसमध्ये बसून लावला आणि त्यांना खिडकीकडे तोंड करावं लागलं.

तारोडीत घराच्या मागे बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले होते. दव पडायच्या आत ते काढायचे म्हणून त्यांचे वडील, बाबाजी, ओळीने पुढे सरकत होते. वय झालं तरी हात थांबत नव्हता. लेकीने पर्स पायरीवर टाकली आणि तीही काढू लागली.

"आज बोलत न्हाय ती?" बाबाजी म्हणाले.

बाईंनी सांगितलं. नीट, सुरुवातीपासून सांगितलं.

"तुला पोराचा वाईट करायचा होता?"

"नाही हो बाबा."

"पन झाला ना?"

"झालं."

"मंग त्याला जाऊन सांग. हितं मला सांगून काय व्हनार हाय?" आणि ते पुढच्या बांबूकडे वळले.

शनिवारी अर्धी शाळा होती. बाई नाक्यावर उतरल्या आणि हायवेच्या कडेने चालत निघाल्या. पहिल्या गॅरेजमध्ये जितेश नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तिसऱ्याच्या दारात एक दाढीवाले गृहस्थ स्टुलावर बसून पाना पुसत होते. बाईंची साडी आणि खांद्यावरची पर्स पाहून ते म्हणाले,

"मैडम, इधर स्कूटी नहीं बनती. सिर्फ बड़ी गाड़ी."

"जितेश शिगवण इथे काम करतो का?"

"जीतू?" त्यांनी मागे वळून हाक मारली. "ओ जीतू! बाहर आ, तेरी मम्मी आई है!"

ट्रकखालून आधी दोन पाय आले, मग ग्रीसने माखलेला शर्ट, मग चेहरा. दोन वर्षांत मिशा फुटल्या होत्या. बाईंना पाहताच तो आडवा होता तिथून एकदम उठायला गेला आणि डोकं गाडीच्या पत्र्याला लागता लागता राहिलं.

"बाई? तुम्ही इथे?"

गॅरेजच्या मागे चहाची टपरी होती. जितेशने रुमालाने बाकडं दोनदा पुसलं आणि मग बाईंना बसायला सांगितलं. स्वतः उभाच राहिला. बाईंनी त्याला बस म्हटलं तेव्हा कडेला टेकला.

"दिव्याने सांगितलं मला," बाई म्हणाल्या. "काय झालं होतं, जितेश?"

"काही नाही, बाई. जमलं नाही."

"तुला विज्ञान जमत नाही, हे मी मानणार नाही."

त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांत फिरवला.

"पहिल्या दिवशी फिजिक्सचे सर आले आणि अर्धा तास बोलले. मला एक शब्द कळला नाही. बाजूची पोरं माना हलवतायत, लिहून घेतायत. मला वाटलं, हे सगळं नवीनच आहे आणि यांना आधीच येतंय. रोज तेच. नंतर नंतर मी मागे बसायला लागलो. मग जायचोच नाही. घरी सांगायचो, लेक्चर झालं." त्याने चहाचा घोट घेतला. "मागच्या महिन्यात दिव्याचं दहावीचं पुस्तक सहज चाळत होतो. शेजारची समिधा इंग्लिश मीडियमला आहे, तिचं पुस्तक तिथेच पडलेलं. दोन्हीत सेम चित्र. पाण्यात घातलेली पेन्सिल वाकडी दिसते ना, ते. दिव्याच्या पुस्तकात खाली लिहिलेलं, अपवर्तन. समिधाच्या पुस्तकात रिफ्रॅक्शन." तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विझलं. "बाई, मी रिफ्रॅक्शनमध्ये नापास झालो होतो. अपवर्तनात मला पैकीच्या पैकी होते."

बाईंनी ग्लास बाकड्यावर ठेवला. हायवेवरून एक लांब कंटेनर गेला.

"शाळेत यायचंस रे माझ्याकडे."

"आलो होतो एकदा, दिवाळीनंतर. तुम्ही वाचनालयात होतात, बाहेर पोरांची लाइन होती. मी पण उभा राहिलो थोडा वेळ. मग वाटलं, मी आता कुठे शाळेचा आहे."

"माझं चुकलं, जितेश. मी तुझे मार्क बघितले आणि बोलून मोकळी झाले."

"असं काय बोलता, बाई. तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं."

हे बाईंना फार लागलं. त्यांनी पर्समधून कागद काढला. आयटीआय, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, बाहेरून बारावी, असं सगळं त्यांनी आदल्या दिवशी लिहून आणलं होतं. जितेशने हात पुढे केला नाही. हाताला ग्रीस आहे, असं त्याने दाखवलं.

"राहू दे, बाई. माझं बरं चाललंय. उस्ताद चांगला आहे, शिकवतो. फक्त एक करा." तो उभा राहिला. "दिव्याला सायन्स सांगू नका."

एवढ्यावर बाईंनी थांबायला हरकत नव्हती. माफी मागून झाली होती. पोराने मोठ्या मनाने ती परतही केली होती. पण रविवारी सकाळी त्या पेणकरपाड्यात होत्या. एका इमारतीच्या पाठीला लागून बसलेल्या चाळीत शिगवणांचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार उघडंच होतं. महिपत खाली बसून पंख्याचं काहीतरी दुरुस्त करत होते. त्यांची बायको, आशा, पदर सावरत पुढे आली. जितेश कपडे बदलून कुठेतरी निघाला होता, तो दाराशीच अडकला.

"या, बाई," महिपत म्हणाले. खुर्ची दिली, पाणी दिलं. रत्नागिरीकडचा माणूस, दारात आलेल्याशी वाकडं बोलणार नाही. पण पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पंख्याचं झाकण बाजूला ठेवलं. "बाई, राग मानू नका. एकदा तुमचं ऐकलं. आता पोरीचं आम्ही आमचं बघतो."

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "माझी चूक झाली. मी त्याला सांगताना पुढे काय वाट्याला येणार ते सांगितलं नाही. मराठीतून शिकलेलं पोर एकदम इंग्रजी वर्गात जाऊन बसतं तेव्हा त्याचं काय होतं, हे मला माहीत होतं. माझंही तेच झालं होतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी सहा महिने मी नुसती डिक्शनरी घेऊन रडत होते. एका सरांनी हाताला धरून बाहेर काढलं. आणि मी ते विसरून गेले."

गोदामातल्या सुपरवायझरपासून रेशनच्या ऑफिसातल्या साहेबापर्यंत अनेकांच्या चुका महिपतनी आजवर सोसल्या होत्या. खुर्चीवर बसलेल्या माणसाने 'माझी चूक झाली' म्हणावं, याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आशाकडे बघितलं.

"चहा टाक," ते म्हणाले.

चहा येईपर्यंत बाई दिव्याकडे वळल्या. ती आतल्या पडद्याला धरून उभी होती.

"परवा मी तुला विचारलं ते राहिलंच. तुझं काय?"

दिव्याने आधी भावाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"सांग ना," आशा आतून म्हणाली. "मला सांगतेस ते सांग."

"औषधांच्या दुकानात मागे भिंतीवर सर्टिफिकेट असतं," दिव्या एका दमात म्हणाली. "फ्रेममधलं. त्यावर फार्मासिस्टचं नाव असतं. तसं मला माझ्या नावाचं पाहिजे."

"त्याला बारावी सायन्स लागतं," जितेश दारातून म्हणाला.

"माहितीय मला."

"माहितीय काय? मी बसलोय त्या वर्गात. तू दोन दिवस बसून बघ."

"तू गप्प बसलास. मी नाही बसणार गप्प!"

जितेशच्या कानशिलांवर लाली चढली. दिव्याने ओठ चावला, पण शब्द परत घेतले नाहीत.

"मी आज कुठलीच शाखा सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "तो तुमच्या घरचा विचार आहे. पण एक काम माझं आहे. परीक्षा झाली की एप्रिलपासून दर शनिवारी शाळेत वर्ग घेते. विज्ञानाचे, गणिताचे सगळे शब्द दोन्ही भाषांत. मुलं अकरावीत पाऊल ठेवतील तेव्हा कुठला शब्द परका वाटता कामा नये. मग दिव्या कॉमर्सला गेली तरी चालेल. गणित तिथेही इंग्रजीतच आहे."

"मी काही हो म्हटलेलं नाही," महिपत म्हणाले.

"म्हणू नका. शनिवारी तिला पाठवा, एवढंच."

सोमवारी मुख्याध्यापक भूपेश सरांनी बाईंचा अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, आधीच पट कमी होतोय. आपणच असा वर्ग काढला तर पालक म्हणतील, बघा, मराठी शाळेतली मुलं पुढे टिकत नाहीत. उरलेलेही इंग्लिश मीडियमला जातील."

"आपली मुलं कुठे अडतात ते सगळ्या पाड्याला माहीत आहे, सर. आपल्याच शाळेत माहीत नव्हतं."

"आणि सुट्टीतल्या वर्गाला वॉचमन कोण देणार?"

"किल्ली माझ्याकडे द्या."

सरांनी दोन दिवस वेळ घेतला. त्या दोन दिवसांत बाईंनी आधी सही करून पाठवलेल्या सगळ्या मुलांना पुन्हा वाचनालयात बोलावलं. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, जमेल तसं. या वेळी त्या मार्कांचा कागद उलटा ठेवत आणि विचारत, "घरी अभ्यासाला जागा कुठे आहे? कॉलेजात जाणार कसा? कळलं नाही तर कोणाला विचारशील?" राजला विचारण्याजोगं कोणी नव्हतं. संचिता नावाच्या मुलीला सकाळी आईबरोबर चार घरची कामं करावी लागत. सकाळचं कॉलेज तिला चालणार नव्हतं, आणि आजवर हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दहा मिनिटांची वीस मिनिटं होऊ लागली. भूपेश सर एकदा दारात येऊन थोडा वेळ ऐकत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली पाठवून दिली.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली. बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. वेग, त्वरण, जडत्व, संयुजा. त्यांचे स्वतःचेच उच्चार काही ठिकाणी अडत होते. एका शब्दावर मुलं खुदखुदली, तेव्हा बाईही हसल्या आणि मोबाइलवर त्यांनी तो उच्चार तीनदा वाजवून सगळ्यांकडून म्हणून घेतला. दिव्या पहिल्या बाकावर होती आणि खरोखरच गप्प बसत नव्हती.

तिला सोडायला जितेश मोटरसायकलवर यायचा आणि वर्ग सुटेपर्यंत खाली झाडाखाली थांबायचा. तिसऱ्या शनिवारी तो वर आला.

"खाली ऊन आहे," तो म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

बाईंनी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही. कागद वाटताना एक कागद त्याच्याही पुढे ठेवला. जाताना त्याने तो चार घड्या करून खिशात घातला. पुढच्या वेळी बाईंनी न देताच त्याने एक उचलला.

व्हरांड्यातल्या फळ्यावर बाईंनी एक मोठा कागद चिकटवला होता. 'मध्येच शिक्षण सुटलेल्यांसाठी' असा मथळा आणि खाली आयटीआय, डिप्लोमा, बाहेरून बारावी, कोणाला काय लागतं, कधी अर्ज करायचा, हे सगळं. तो कागद एकट्या जितेशसाठी नव्हता. त्या शाळेतून बाहेर पडलेली अशी किती मुलं असतील, हे बाईंनी हजेरीपटावरून काढायला घेतलं होतं आणि आकडा वाढतच होता. एका शनिवारी त्यांनी पाहिलं, जितेश हेल्मेट काखेत धरून त्या कागदासमोर उभा आहे. त्या आल्या तशाच मागे फिरल्या आणि फळा पुसायला लागल्या, जरी फळा आधीच पुसलेला होता.

दहावीचा निकाल लागला. दिव्याला सत्त्याऐंशी टक्के पडले, भावाला पडले होते तेवढेच. महिपत स्वतः शाळेत आले. या वेळी ते घरी जाऊन, कपडे बदलून आले होते.

"सायन्स घेतेय," ते म्हणाले. "तिचं तिने ठरवलंय, बाई. तुम्ही सांगितलं म्हणून नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. इतक्या मोकळेपणाने त्या कितीतरी दिवसांत काही बोलल्या नव्हत्या.

जितेशला त्यांनी जूनमध्ये फोन केला. पुढे काय करणार, हे विचारलं नाही. तुझा दाखला अजून कॉलेजातच अडकलाय, काही करो न करो, तो आपल्या हातात असलेला बरा, एवढंच म्हणाल्या. एकट्याने त्या ऑफिसात पाय टाकणं तो दोन वर्षं टाळत होता, हे त्यांनी ओळखलं होतं.

"येते मी बरोबर."

"तुम्ही कशाला, बाई?"

"मीच पाठवलं होतं ना तुला तिथे?"

भाईंदरच्या त्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर प्रवेशाची गर्दी होती. खिडकीतल्या क्लार्कबाईंनी जुनं रजिस्टर काढलं, बोटाने ओळी शोधल्या, आणि दाखल्याचा अर्ज सरकवला. मार्कलिस्टची झेरॉक्स हवी होती, ती काढायला जितेश खाली गेला. बाई खिडकीशेजारच्या कट्ट्यावर अर्ज भरू लागल्या. नाव, जन्मतारीख, वर्ग. पाचव्या ओळीत विचारलं होतं, कॉलेज सोडण्याचे कारण. बाईंनी क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शिक्षिकेने दिलेला चुकीचा सल्ला.'

क्लार्कबाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"हे काय, मॅडम? घरगुती अडचण लिहा. सगळे तेच लिहितात."

"त्याच्या घरी काही अडचण नव्हती."

"अहो, पण असं कारण चालत नाही. आम्ही दाखल्यावर काय लिहायचं?"

"खरं तेच लिहा. शिक्षिकेचं नाव हवं असेल तर माझं घाला. नंबर देते. कोणी विचारलं तर मी उत्तर देईन."

मागून कोणीतरी "जल्दी करो ना" म्हणालं. बाई खिडकीपुढून हलल्या नाहीत. प्राचार्यांना भेटायचं असेल तर थांबते, असंही त्यांनी सांगितलं.

एवढ्यात जितेश झेरॉक्स घेऊन आला. खिडकीतला अर्ज त्याने उचलला आणि वाचला. पाचवी ओळ त्याने बहुधा दोनदा वाचली, कारण त्याला वेळ लागला. बाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने पाहिलं नाही.

"मॅडम, नवीन फॉर्म मिळेल?" त्याने क्लार्कबाईंना विचारलं.

"हां, तेच सांगतेय मी कधीची."

तो कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लिहायला लागला. खिशातून त्याने स्वतःचं पेन काढलं होतं. बाईंना वाकून बघावंसं वाटलं. त्या भिंतीवरची प्रवेशाची यादी वाचत राहिल्या. त्यातलं एकही नाव त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

क्लार्कबाईंनी अर्ज घेतला आणि रजिस्टरमध्ये उतरवताना सवयीने पुटपुटत वाचू लागल्या.

"शिगवण जितेश महिपत... कारण, डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा आहे." त्यांनी मान वर केली. "कशात? मेकॅनिकल?"

"ऑटोमोबाइल," जितेश म्हणाला. मग बाईंकडे वळला. "उस्तादला सांगितलंय. म्हणाला, सुट्टीत येत जा."

बाईंनी फक्त मान हलवली.

"चार वाजता या," क्लार्कबाई म्हणाल्या. "सही व्हायची आहे."

दोघं गर्दीतून बाहेर जिन्यापर्यंत आले. जितेशने घड्याळ बघितलं.

"बाई, तुम्ही निघा. शाळा असेल तुमची. चार वाजता मी येतो आणि घेतो."

बाईंनी त्या दिवशी पूर्ण दिवसाची रजा टाकली होती. ते त्यांनी सांगितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पर्स खांद्यावर घेऊन बसच्या दिशेने चालू लागल्या.